तांबड्या वाटेने धामापूरला

मालवणचा पाहुणा समुद्र पाहून परततो. पण वाचकहो, मालवणचे डोंगर पाहायचे तर सायकलच हवी! चौक्याहून धामापूरला डांबरी रस्ता आहे. आम्ही मात्र सड्यावरची जांभ्याची वाट धरली. चढाने दम काढला, तरी खरी परीक्षा उताराची! तांबडी खडी चाकाखाली मोहरीसारखी घरंगळते. ब्रेक करकचून दाबला की गडी आडवा! गुरांमागून येणारे आजोबा म्हणाले, "उतार इलो की खाली उतराक व्हया!"

मुकाट्याने सायकली हातात धरल्या. खाली भगवतीच्या देवळाशी १५३० सालचा तलाव झळकत होता. २०२० साली त्याला जागतिक सिंचन-वारशाचा मान मिळाला. डोंगरात मुरलेला पाऊस झिरपत झिरपत तिथे पोचतो. या डोंगरांत पाणीसुद्धा सावकाश उतरते; मग आपल्यालाच कसली घाई?