नकलेची वंशावळ : गिटारचा एक साज, मुंबई आणि एटापल्ली

१/ रॉक संगीतात ज्या आवाजाला आज ‘अस्सल’ म्हणून मान आहे, तो जन्माला आला नक्कल म्हणून. डिजिटल यंत्रात त्याची हुबेहूब प्रत उतरवू पाहणारे तरुण त्यामुळे नकलेचीच नक्कल करत असतात. ही वंशावळ उलगडण्याजोगी आहे. 🧵

२/ १९६२, पश्चिम लंडनमधील हॅनवेल. ड्रमवादक जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात येणाऱ्या गिटारवादकांना अमेरिकेचा ‘फेंडर बासमन’ अॅम्प हवा असे; आयात केलेला तो अॅम्प महाग पडे. केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांच्या साथीने मार्शल यांनी त्याचेच विद्युत्-मंडल समोर ठेवून स्वतःचा अॅम्प घडवला : जेटीएम-४५.

३/ मंडल जवळपास तेच. सुटे भाग मात्र ब्रिटनमध्ये मिळतील ते, आणि स्पीकर सेलेशन कंपनीचे. आवाज बदलला. गंमत अशी, की मूळ बासमनही बास गिटारसाठी बनला होता. गिटारवादकांनी तो आपलासा केला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या चमूसोबत मार्शल अॅम्प असा चढवून वाजवला, की ‘बिघडलेला’ आवाज हाच आदर्श ठरला.

४/ बिघडलेला म्हणजे काय? व्हॉल्व्हवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार आला, की ध्वनिलहरीचे शेंडे दबतात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटतात. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे परके वाटू नये. घोडीवरचा तो दोरा आणि तारेची ती झंकार : तिथेही निखळ स्वराहून त्याच्याभोवतीचे उपस्वरच अधिक मोलाचे.

५/ हा साज अवजड आणि महागडा. गिटार, पेडल, अॅम्प, स्पीकर, मायक्रोफोन, खोली अशी ती साखळी. १९९८ मध्ये ‘लाइन ६’ने ‘पॉड’ नावाच्या लाल, मुठीएवढ्या नव्हे पण पिशवीत मावणाऱ्या पेटीत तिची गणिती प्रतिकृती बसवली. २००६ मध्ये ‘अॅक्स-एफएक्स’ आले, २०११ मध्ये ‘केंपर’.

६/ प्रतिकृतीच्या वाटा मुख्यतः दोन. एक : मंडलातील प्रत्येक घटकाचे वर्तन समीकरणांत मांडायचे. दुसरी : अॅम्पमध्ये चाचणीचे ध्वनी सोडायचे, बाहेर काय आले ते टिपायचे आणि दोहोंमधले नाते संगणकाला शिकवायचे. दुसऱ्या वाटेने हाती येते ते बहुधा एका क्षणाचे छायाचित्र : अॅम्पची बटणे त्या दिवशी जिथे होती तिथले. आणि हेडफोनवर वाजवताना, स्पीकरच्या हवेने तार पुन्हा थरथरून जो फीडबॅक जन्मतो, तो हाती लागत नाही.

७/ आता मुंबई, १९८२. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांच्यापुढे रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती : ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यांपैकी ३०३ हे बास गिटारवादकाची जागा घेण्यासाठी बनवलेले यंत्र. नक्कल म्हणून ते सपशेल फसले. रोलँडने १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले.

८/ सिंग यांनी त्या यंत्राकडून बास गिटारची अपेक्षाच ठेवली नाही. भैरव, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस… असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर या यंत्रांतून काढले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची ३०३ची लकब मींडेच्या जवळ जाणारी होती. ‘एचएमव्ही’ने ध्वनिमुद्रिका काढली, ती फारशी खपली नाही.

९/ १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूने त्याच ३०३मधून ‘अॅसिड हाउस’ची पायाभूत रचना प्रसिद्ध केली. सिंग यांची मुद्रिका २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झाले. २०१५ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले. ज्या ३०३ला बाजाराने टाकून दिले, त्याच्याच डिजिटल प्रतिकृती आता विकल्या जातात.

१०/ त्याच १९८२ मध्ये, २६ ऑगस्टला, चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यातल्या एटापल्लीत आज कुणाला मार्शलचा आवाज हवा असेल, तर अॅम्प न पाहताही तो मोबाइलवर मिळवता येतो. ही मोठीच मोकळीक. पण या यंत्रांची यादी वाचली, तर अॅम्पची नावे बहुतेक अमेरिका-इंग्लंडची. जे कुणाला आधीच प्रिय होते, त्याचीच प्रतिकृती झाली.

११/ एटापल्लीच्या परिसरात माडिया गोंडांची रेला गाणी आहेत, ढोल आहेत, गोटुलाचे अंगण आहे. त्या अंगणाला स्वतःचा नाद आहे. लंडनच्या स्टुडिओतल्या खोलीला असतो तसाच. ज्या तंत्राने ती खोली टिपली, त्याच तंत्राने हे अंगणही टिपता येईल, गाणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावानिशी. न टिपलेल्या नादाची नक्कलसुद्धा होत नाही. गाणारे थांबले की तो संपतो.

१२/ मार्शलची नक्कल चुकली आणि नवा आवाज मिळाला. ३०३ची नक्कल फसली आणि सिंग यांना मींड सापडली. प्रिय साजाची प्रत जरूर उतरवावी, कान तयार होतो. पण ती जिथे मुळाशी जुळत नाही, तिथे बटण फिरवून ती दुरुस्त करण्याआधी क्षणभर ऐकावे. इतिहास बहुतेकदा तिथेच घडला आहे.