न दिसणारा रंग

बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर. अमेरिकेत हौशी लोक तो पाळतात, त्याची रंगीबेरंगी पिल्लं विकतात. पांढरा-पिवळा अल्बिनो कुणीही ओळखेल हो! खरी परीक्षा साध्या दिसणाऱ्या पिल्लांची.

१८६६ सालचा मेंडेलच्या वाटाण्यांचा हिशेब आठवा. आईबाप दोघांतही अल्बिनोचं सुप्त जनुक असेल, तर सरासरी चारांत एक पिल्लू अल्बिनो. उरलेल्या तिघांपैकी दोघांत ते जनुक लपलेलं. पण कुठल्या दोघांत, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून प्रामाणिक विक्रेता ‘शक्यता ६६ टक्के’ असं लिहितो. ‘नक्की’ लिहिलं तर चार डॉलर जास्त मिळतात, आणि लबाडी उघडी पडायला त्या पिल्लाला पिल्लं व्हावी लागतात. आता कात तपासून काही जनुकं कळतात, पण प्रत्येक जण कुठे तपासतो?

आपल्याकडे हापूसचं कलम घेताना तरी वेगळं काय असतं? फळ धरेपर्यंत आपल्या हाती फक्त विकणाऱ्याचा शब्द.