विंगेतला शेजारी

नाटकवाल्यांचा मत्सर हा प्रेक्षकांच्या फार आवडीचा विषय आहे. पडद्यापुढचे नाटक पैसे देऊन पाहायचे आणि पडद्यामागचे फुकट ऐकायचे! आमच्या महाडात जुनी मंडळी जमली, की बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, हा वाद अजून निघतो. वाद घालणाऱ्यांपैकी कोणीच त्या दोघांना रंगभूमीवर पाहिलेले नसते; पण आवाज चढायला ते आड येत नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांच्या मंडळ्यांनी मिळून 'मानापमान' केले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर ललितकलादर्शच्या केशवरावांचा. केशवराव वयाने दोनच वर्षांनी लहान, आणि 'शारदे'पासून तेही स्त्रीभूमिकांतच गाजलेले. दोन नायिकांनी एका रंगमंचावर उभे राहायचे, तर एकीने तलवार बांधणे भागच होते! खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी प्रथम झाले, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली; तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. दहा वर्षे राखलेला तो मुलूख. त्यात आता दुसऱ्या मंडळीचा राजा पाहुणा म्हणून यायचा होता.

त्या रात्री कोणी कोणावर मात केली, याची मला गोडी नाही. मला पाहावीशी वाटते ती दोघांमधली विंग. समोरचा गात असताना आत उभा असलेला दुसरा काय करीत असेल? दाद ऐकत असेल, की मोजत असेल? तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघे ३१. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. तोलाचा तसा प्रतिस्पर्धी त्यांना पुन्हा लाभला, असे मला वाटत नाही. दीनानाथांचे चाहते रागावतील, रागावोत.

आमच्याकडचे मत्सर लहान, पण चव तीच. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यामुळे उत्सवातल्या नाटकात तानाजी कोण, हा प्रश्न सरपंच कोण यापेक्षा नाजूक. ज्याला तानाजी मिळत नाही तो उदेभान मागतो, म्हणजे निदान वार तरी करता येतो! एका वर्षी तानाजी पडेचना. पडला, की टाळी उदेभानाला जाणार. शेवटी शेलारमामाच त्याच्या कानाशी लागला, "दादा, पड आता. माझा प्रवेश खोळंबलाय."

पण माझ्या मनात राहिला आहे तो दुसराच प्रसंग. तालमी माझ्याकडे असत. दोघे चुलतभाऊ. थोरल्याने नऊ वर्षे तानाजी केलेला. त्या वर्षी दिव्यांचा आणि पोशाखांचा खर्च मुंबईच्या धाकट्याने उचलला आणि तानाजीही मागितला. थोरला एवढेच म्हणाला, "गुरुजी, पुस्तक मी धरतो."

रायबाच्या लग्नाचे आवतण घेऊन तानाजी महाराजांपुढे येतो, तिथे धाकटा अडला. थोरल्याच्या हातात पुस्तक मिटलेले होते. त्याला ते लागतच नव्हते. मी पलीकडच्या विंगेत. तो धाकट्याकडे पाहत राहिला. पुढे बसलेली पोरे कुजबुजू लागली, कोणी खाकरले, तरी हा गप्प. माझ्या पोटात गोळा आला.

मग त्याने वाक्य दिले. पुटपुटून नव्हे, नऊ वर्षांच्या थाटात, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असे. टाळी पडली. धाकट्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले. त्याला पडली नाही.

पडदा पडल्यावर दोघे एकाच आरशापुढे रंग पुसत बसले होते.

"दादा, जरा हळू द्यायचं होतंत," धाकटा म्हणाला.

"घसा बसलाय रे, अंदाज नाही आला," थोरला म्हणाला आणि खोबरेलाची बाटली त्याने त्याच्याकडे सरकवली.