पुढारी पडले त्या गावी

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे काही ठरलेले प्रश्न विचारतात. राजवाडा पाहिला का? थेम्सवरचा तो मधोमध उघडणारा पूल पाहिला का? शेक्सपिअरचे घर पाहिले का? मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे शेवटच्या प्रश्नावर विचारणाऱ्याचा विशेष जोर असतो. आता खरे काय ते सांगून टाकतो. शेक्सपिअरच्या घराकडे आम्ही फिरकलोसुद्धा नाही. त्याऐवजी एक पुढारी समुद्राच्या पाण्यात पडला ती जागा पाहिली, आणि दुसऱ्या पुढाऱ्याने भर रस्त्यात एका मतदाराला ठोसा लगावला ती जागा पाहण्यासाठी अख्खा दिवस मोटारीत घालवला.

याचे सारे श्रेय माझ्या मेहुण्याला. हिचा हा धाकटा भाऊ वीस-बावीस वर्षांपासून लंडनच्या उपनगरात राहतो. घरात दूरदर्शन संच आहे, पण सकाळी स्वयंपाकघरात राज्य चालते ते रेडिओचे. चहाबरोबर बातम्या, पोह्यांबरोबर पार्लमेंट! त्यातही त्याचा जीव जडला आहे तो राजकारणातल्या गाजलेल्या प्रसंगांवरच्या विनोदी माहितीपटांवर. माहितीपट म्हणायचे, पण त्यात पट नाही. सगळा कारभार कानांचा. असे कार्यक्रम त्याने साठवून ठेवले आहेत, आणि मोटारीत पाहुणा बसला, की पट्टा बांधून होईपर्यंत एखादा सुरू झालेला असतो.

या कार्यक्रमांची घडण मोठी मजेदार. म्हणजे काय, तर निवेदक असतो विनोदी नट, पण बोलतो मात्र एखाद्या बखरकाराच्या गांभीर्याने. प्रसंग असतो फुटकळ. कुणाचा पाय घसरला, कुणाचा घसा बसला, कुणाचा ध्वनिक्षेपक चालूच राहिला. मग त्या दिवसाचा मूळ आवाज ऐकवतात. मग साक्षीदार येतात : छायाचित्रकार, चिटणीस, बंदोबस्तावरचा शिपाई. प्रत्येकाची आठवण दुसऱ्यापेक्षा वेगळी! शेवटी एखादा इतिहासकार येऊन त्या घसरलेल्या पायाने पक्षाचे आणि देशाचे काय झाले ते सांगतो. अर्ध्या तासात आपण पोट धरून हसलेले असतो, आणि नकळत एक निवडणूक समजून घेतलेली असते.

"भाऊजी," मेहुणा पहिल्याच दिवशी म्हणाला, "म्युझियमं काही पळून जात नाहीत. मी तुम्हांला ऐकलेल्या जागा दाखवतो."

पहिली जागा जवळचीच, डाउनिंग स्ट्रीट. पंतप्रधानांच्या दारापर्यंत आता कुणाला जाता येत नाही; १९८९ साली गल्लीच्या तोंडाशी उंच लोखंडी फाटके बसली. त्या फाटकाबाहेर आम्ही उभे राहिलो, आणि पावसानेही आपले कर्तव्य चोख बजावले. २२ मे २०२४ रोजी ऋषी सुनक यांनी याच गल्लीत, अशाच पावसात, सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली. अंगावरचा कोट भिजून काळा पडत चाललेला, आणि फाटकाबाहेरून एका निदर्शकाने लावलेल्या कर्ण्यावर गाणे चाललेले. गाणे कोणते? तर विरोधी मजूर पक्षाने १९९७ च्या विजयी प्रचारात वापरलेले! परिस्थिती यापुढे सुधारणारच, असा त्याचा भावार्थ. पंतप्रधान बोलताहेत, पाऊस पडतो आहे आणि मागे विरोधकांचे गाणे. असला प्रसंग रेडिओसाठीच घडतो. पुढे ४ जुलैला मतदान झाले आणि हुजूर पक्ष १२१ जागांवर आला.

मेहुणा हे सगळे रंगवून सांगत होता. हिने शांतपणे विचारले, "पण घरातून निघताना त्यांना कुणी छत्री घ्या म्हणून म्हणालं नाही?"

एवढ्या इतिहासकारांना जमले नाही ते विश्लेषण हिने एका वाक्यात उरकले.

दुसरी जागा ब्रायटन. लंडनच्या दक्षिणेला, आगगाडीने तासाभराच्या अंतरावरचे हे समुद्रकाठचे शहर. किनारा मात्र आपल्या कोकणासारखा वाळूचा नव्हे, सगळा गोट्यांचा. चालताना पायाखालून खडखड आवाज येतो आणि प्रत्येक पावलाला माणूस आपले वय ओळखतो. २ ऑक्टोबर १९८३ रोजी नील किनॉक हे याच शहरात मजूर पक्षाचे नेते म्हणून निवडून आले. त्याच दिवशी छायाचित्रकारांच्या आग्रहावरून ते पत्नी ग्लेनिस यांच्याबरोबर पाण्याच्या कडेने चालू लागले. लाट आली, ती चुकवताना किनॉक यांचा पाय सटकला आणि नवे नेते सगळ्या कॅमेऱ्यांच्या साक्षीने पाण्यात बसले. ग्लेनिसबाईंनी हात धरून सावरण्याची शिकस्त केली.

मी म्हटले, आपणही कडेने चार पावले चालून पाहू. चाललो. तिसऱ्या पावलाला माझा जोडा भिजला आणि हिने माझा दंड असा काही पकडला, की ग्लेनिसबाईंची शिकस्त म्हणजे काय असेल त्याचा मला प्रत्यय आला. मेहुणा हसत सुटला. मलाही हसू आले, पण क्षणभर उशिरा. आधी मी इकडेतिकडे पाहून घेतले, की आणखी कुणी पाहिले तर नाही ना!

परतीच्या वाटेवर मेहुणा सांगत होता, की किनॉक जवळजवळ नऊ वर्षे पक्षाचे नेते होते. १९८७ ची निवडणूक हरले, १९९२ ची हरले, पंतप्रधान काही झाले नाहीत. पण तो पाय घसरल्याचा तुकडा मात्र पुन्हा पुन्हा दाखवला गेला.

"नऊ वर्षांत त्यांनी दुसरं काहीच केलं नाही?" हिने विचारले.

"केलं ना. मोडकळीला आलेला पक्ष उभा केला. पण ते रेडिओवर ऐकू येत नाही, ताई."

गाडीत थोडा वेळ कुणी बोलले नाही.

तिसरी जागा ऱ्हिल. हे उत्तर वेल्समधले समुद्रकाठचे लहानसे गाव. आम्ही पहाटे निघालो, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या, आणि ज्या प्रसंगासाठी चाललो होतो तो वाटेत ऐकला. १६ मे २००१. निवडणुकीच्या प्रचाराचा काळ. त्या दिवशी सत्ताधारी मजूर पक्षाने आपला जाहीरनामा थाटाने प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी तोच छापावा अशी योजना. झाले भलतेच. बर्मिंगहॅमच्या रुग्णालयाच्या दारात एका रुग्णाच्या सोबतिणीने पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतले. गृहमंत्र्यांची पोलिसांच्याच सभेत हुर्यो झाली. आणि संध्याकाळी ऱ्हिलच्या लहानशा नाट्यगृहाकडे जाताना उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्यावर एका तरुणाने अगदी जवळून अंडे फेकले. प्रेस्कॉट यांनी वळून डाव्या हाताचा ठोसा लगावला, आणि दोघे झोंबाझोंबी करीत ठेंगण्या भिंतीवर रेलले. जाहीरनामा राहिला बाजूला!

दुसऱ्या दिवशी ब्लेअर यांना खुलासा विचारला, तेव्हा त्यांनी सांगितले ते एवढेच, की जॉन हा जॉन आहे. विषय संपला. ७ जूनला मतदान झाले आणि पक्ष १६७ च्या बहुमताने परत आला.

नाट्यगृह पाहिले, भिंत पाहिली. पाहण्यासारखे त्यात काहीही नाही. आपल्या गावच्या वाचनालयाच्या आवारात असते तसली भिंत. जवळच्या चहाच्या दुकानात गेलो, तर मालकीणबाई सत्तरीच्या. मेहुण्याने विषय काढताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः काही पाहिले नव्हते. पण ठोसा कसा मारला ते किटली खाली ठेवून दाखवले. मी विचारले, "तुम्हांला त्या माणसाचा राग नाही आला?" त्या म्हणाल्या, "राग कशाचा? उपपंतप्रधान आमच्या गावात येऊन माणसासारखा वागला, असं पुन्हा कधी झालं नाही."

प्रेस्कॉट नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले. आयुष्यभर कामगारांत वावरलेला, तरुणपणी जहाजावर वाढप्याचे काम केलेला हा गृहस्थ. मृत्युलेखांतून तो ठोसा सुटला नाही. पण त्यात कुचेष्टेपेक्षा माया अधिक होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी मेहुण्याने आम्हांला बीबीसीच्या कचेरीकडे नेले. पोर्टलंड प्लेसवरची ही ब्रॉडकास्टिंग हाउसची इमारत १९३२ पासूनची; बोटीच्या नाळेसारखी पुढे निघालेली. बाहेर जॉर्ज ऑर्वेल यांचा पुतळा आहे. २०१७ साली उभारलेला. हातात सिगारेट, अंग पुढे झुकलेले, जणू समोरच्याशी वाद घालताहेत. बिहारमध्ये मोतिहारीला जन्मलेला हा लेखक १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीत होता, आणि काम होते हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करण्याचे.

पुतळ्याखाली उभे राहून मेहुण्याने मला एक गोष्ट सांगितली. या संस्थेला आज जे हसता येते ते पहिल्यापासून येत नव्हते. पार्लमेंटात ज्या विषयावर पुढच्या पंधरवड्यात चर्चा व्हायची असेल त्यावर रेडिओने अवाक्षर काढायचे नाही, असा युद्धकाळापासूनचा दंडक होता. तो सुटला १९५७ साली. सभागृहातला आवाज श्रोत्यांना ऐकवण्याची परवानगी तर १९७८ पर्यंत कायमची मिळाली नव्हती. आधी महिनाभर प्रयोग करून पाहिला होता, तो जून १९७५ मध्ये.

जून १९७५! मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण हा महिना आपल्याकडे कोण विसरेल? इकडे राज्यकर्त्यांचा आवाज, त्यांच्या आरडाओरड्यासकट, पहिल्यांदा लोकांच्या घरात जात होता; आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला आपल्याकडे आणीबाणी पुकारली गेली, छापखान्यांवर नियंत्रक बसले. १९४८ साली 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक सुरू झाले तेव्हा नेहरूंनी संपादकांना बजावले होते, की मलाही सोडू नका. ते साप्ताहिक ऑगस्ट १९७५ मध्ये बंद झाले. हसण्याची सोय जाते तेव्हा तिच्याबरोबर आणखी बरेच काही गेलेले असते.

हा विचार मनात येताच मला फार उदात्त वाटले. मी पुतळ्याकडे मान वर करून पाहिले. आणि नेमका तेव्हाच मला आमचा एक विद्यार्थी आठवला.

चौदा-पंधरा वर्षे झाली. स्नेहसंमेलनात त्याने माझी नक्कल केली होती. मी ज्ञानेश्वरी शिकवतो ती. कपाळावर सरकवलेला चष्मा टेबलभर शोधणे, खडू तोंडाजवळ नेणे, आणि दर वाक्याआड "म्हणजे काय, तर". सभागृह डोक्यावर घेतले मुलांनी. पहिल्या रांगेत बसलेली ही सुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो, तेवढे नाटक येते मला. पण महिन्याभराने एकांकिका स्पर्धेसाठी मुले निवडायची होती आणि निवड करणारा मीच होतो. त्याचे नाव मी गाळले. कारण लिहिले : "शिस्तीचा अभाव." कुणी विचारले नाही, मी सांगितले नाही. सत्ता म्हणावी अशी माझ्याजवळ ती एवढीच होती. आणि ती मी अशी वापरली.

तो किनारा, ती भिंत, तो पाऊस पाहून मी पंधरा दिवस दुसऱ्यांच्या फजितीला हसत होतो. ज्यांच्या हाती देश होता त्यांनी ते हसू सोसले, काहींनी हसून, काहींनी गप्प राहून. माझ्या हाती सहा मुलांची एक यादी होती.

परत आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा क्रमांक मिळवला. तो आता सांगलीकडे औषधांच्या दुकानात हिशेब बघतो. आवाज ओळखून "सर!" म्हणाला, आणि त्या एका शब्दात इतका आदर होता, की मला बोलणे अवघड झाले. तरी बोललो. यादीचे सांगितले. पलीकडे जरा वेळ शांतता.

"मला माहीत होतं, सर," तो म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं."

"अजून नकला करतोस?"

"नाही. ते तेव्हाच सोडलं."

यावर काय बोलावे ते कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. "दिवाळीत इकडे ये, फराळाला," एवढेच मी म्हटले. तो हो म्हणाला. मग मी घाईघाईने जोडले, "म्हणजे काय, तर घरच्यांनाही घेऊन ये."

फोनमधून हसू फुटल्याचा आवाज आला. त्याने लगेच आवरले आणि म्हणाला, "माफ करा, सर."

"आवरू नकोस," मी म्हटले.

भाऊबिजेला तो येणार आहे. हिने चकलीची भाजणी दुप्पट दळून आणली आहे, आणि माझा चष्मा कुठे ठेवायचा ते मला बजावून ठेवले आहे : कपाळावर.