पाव मैल

माळा आवरताना मुलीच्या हाताला एक काळं हेल्मेट लागलं. "बाबा, हे कुणाचं? तू बाईक कधी चालवायचास?" म्हटलं, बाईकचं नाही, गाडीचं आहे. त्यावर ती जी हसायला लागली ती थांबेचना. तिने पाहिलेला बाबा पिवळा सिग्नल दिसला की पन्नास मीटर आधी ब्रेक लावतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो. तो गाडीत हेल्मेट घालून बसलाय हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर येईना.

हेल्मेटच्या आत घडी घातलेला एक कागद होता. दुकानाच्या बिलासारखा, शाई जवळजवळ उडालेली. त्यावरचं १२.९४ एवढं मात्र वाचता येत होतं.

तर त्या १२.९४ ची ही गोष्ट.

मी मूळचा कोल्हापूरचा. तात्यांचं शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप होतं. ऑईल इंजिनांचे पार्ट, बोअरिंग, शेतकऱ्यांची बसलेली इंजिनं. माझ्या लहानपणी आमच्याकडे दोन वेडं होती, कुस्ती आणि गाड्या. (तिसरं खाण्याचं, पण त्याला आम्ही वेड म्हणत नाही.) आपल्या पोराने हात काळे करू नयेत ही तात्यांची एकच इच्छा. म्हणून मी शिकलो, इंजिनिअर झालो, २००१ मध्ये डेट्रॉईटजवळ नोकरीला गेलो आणि चार पैसे हातात खुळखुळायला लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर हात काळे केले.

२००३ मध्ये ओहायोतून २२०० डॉलरला एक जुनी गाडी आणली. १९९१ ची ईगल टॅलन. ईगल हा ब्रँड १९९८ मध्येच बंद झाला होता, त्यामुळे गणपतीच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये लोक विचारायचे, "ही कुठली रे?" सगळ्यांच्या कॅमऱ्या आणि अकॉर्ड. त्यांच्यात माझी ही लाल, दारावर पोचे आलेली. मित्सुबिशी आणि क्रायस्लरने मिळून इलिनॉयमध्ये काढलेल्या कारखान्यात तयार झालेली, मित्सुबिशी एक्लिप्सची सख्खी बहीण. कारखाना ज्या गावात होता त्याचं नाव नॉर्मल. (खरंच.) दोन लिटरचं टर्बो इंजिन, १९५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, आणि बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे दिवे.

टर्बो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी लोहाराचा भाता आठवावा. जेवढी हवा तेवढा विस्तव. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या चक्राला फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. एरवी धुराबरोबर वाया गेली असती ती ताकद पुन्हा कामाला लागते. दाब किती वाढू द्यायचा ते एक झडप ठरवते. आणि इथेच माणसाच्या लोभाला वाव आहे, कारण त्या झडपेला फसवणारा स्क्रू तीसेक डॉलरला मिळतो. दोन आटे फिरवा, वीस घोडे वाढले. आणखी दोन आटे फिरवायला कोण थांबवणार आहे?

सुरुवातीला मी ही ताकद रस्त्यावरच वापरली. आज लिहायला लाज वाटते, पण वापरली. २००४ मध्ये एका रात्री रिकाम्या रस्त्यावर एका मस्टँगशी लावली आणि ऐन वेगात माझ्या दिव्यांच्या उजेडात एक हरीण उभं. मिशिगनमध्ये ही नवलाची गोष्ट नाही. ते हललं नाही, मी कसा हललो ते आठवत नाही. गाडी बाजूच्या गवतात जाऊन उभी राहिली. मस्टँगवाला निघून गेला. बायको घरी होती, नुकतीच भारतातून आलेली. तिला मी हे पुढे कित्येक वर्षं सांगितलं नाही.

त्यानंतर मी मायलनला जायला लागलो. ॲन आर्बरच्या दक्षिणेला मिलान नावाचं गाव आहे, पण मिलान म्हटलं तर तिथे कुणाला कळत नाही, मायलन म्हणायचं. तिथे ड्रॅगची पट्टी आहे. शेजारी शेतं आणि एक मोठा तुरुंग. सरळ पाव मैल, १३२० फूट. आपल्या हिशोबात ४०२ मीटर. बस्स. वळण नाही, ओव्हरटेक नाही. कोल्हापूरच्या माझ्या मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "एवढंच? आमचं बैल पण एवढं पळत्यात."

पहिल्या दिवशी माझ्या शेजारी उभी राहिली एक मिनीव्हॅन. मला वाटलं थट्टा आहे. पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरत गेले, हिरवा लागला, आणि मी तो नीट हिरवा आहे याची खात्री करून घेतली. मिनीव्हॅन माझ्या आधी पोचली. खिडकीत हातात पडलेल्या चिठ्ठीवर मात्र माझी वेळ १५.६ आणि तिची १६.२! गोम अशी, की घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. तुमचं चाक प्रकाशाचा किरण सोडून हलतं तेव्हा तुमचं घड्याळ सुरू होतं. हिरवा लागल्यापासून तोवर गेलेला वेळ वेगळा छापतात. माझा १.३ सेकंद होता, मिनीव्हॅनचा अर्धा. म्हणजे गाडी जलद, चालक झोपलेला. मला त्या चिठ्ठीचं फार कौतुक वाटलं. त्यात गाडीचा आणि माणसाचा हिशोब वेगवेगळा मांडलेला असायचा. वाद घालायला जागाच नाही.

मग ते सुरू झालं. मोठा एक्झॉस्ट, मोठा इंटरकूलर, तो तीस डॉलरचा स्क्रू. १४.८, १४.२, १३.८. तेरा सेकंदांत आल्यावर एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याने खिडकीवर टकटक करून बजावलं, आता हेल्मेटशिवाय यायचं नाही. १३.९९ किंवा त्याहून कमी वेळ आला की तिथे हेल्मेट सक्तीचं. मला वाटलं पदकच मिळालं. दुसऱ्याच दिवशी हे काळं हेल्मेट घेतलं.

आणि ऑक्टोबर २००५ मध्ये इंजिन गेलं.

दोष पूर्णपणे माझा. हवा वाढवली तर पेट्रोलही वाढवावं लागतं. पेट्रोलचा पंप बदलायचं मला माहीत होतं, वहीत लिहिलेलंही होतं, पण सीझन संपत आला होता आणि शंभर डॉलर वाचवायचे होते. तिसऱ्या गिअरमध्ये पेट्रोल कमी पडलं, मिश्रण वेळेआधीच भडकलं, आणि एक पिस्टन दोन रिंगांच्या मधल्या कडेला तुटला. मागे निळा धूर. तपासलं तर तीन सिलिंडरना दीडशेच्या आसपास दाब आणि एकाला साठ. गाडी भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये ढकलली आणि हिवाळाभर तिच्याकडे पाहिलं नाही. बायको काही बोलली नाही. तिने फक्त एकदा माझी खर्चाची वही चाळली आणि जागेवर ठेवून दिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२००६ च्या जूनमध्ये तात्या आले. आई आधीच गेलेली, त्यामुळे एकटेच. दोन दिवसांत नायगारा, शिकागो असे बेत सांगून झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर गॅरेजचं दार उघडं. तात्या बनियनवर, हातात माझा पाना.

"हे कुणी खोललं?"

"मी."

"मग असं अर्धवट टाकून का ठेवलंयस? झाकून तरी ठेवायचं."

मी सगळं सांगितलं. टर्बो, दाब, स्क्रू. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "एवढ्या हवेला पेट्रोल पुरत हुतं का?"

त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरवाल्या इंजिनाला हात लावला नव्हता. मी चूप.

ते इंजिन तात्यांनी बांधलं. बोअर बाहेरून करून आणला, कारण घरी लेथ नव्हतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. बाकी सगळं गॅरेजमध्ये. रिंगांची फट त्यांनी कानशीने बसवली. रिंग सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टनने आत सरळ ढकलायची, फिलर गेज सरकवून बघायचं, काढायची, कानशीचे दोन हात, पुन्हा घालायची. टर्बोच्या इंजिनात उष्णता जास्त, म्हणून फट थोडी जास्त ठेवावी लागते, नाहीतर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात. मी पुस्तकातला आकडा सांगितला. ते म्हणाले, "हां, तेवढीच बघ," म्हणजे त्यांनी आधीच मनात धरलेली. एका रिंगेला मी कानस मारली आणि जास्त घासली गेली. त्यांनी ती बाजूला ठेवली, शिव्या दिल्या नाहीत. लहानपणी दिल्या असत्या. कनेक्टिंग रॉड एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांनी पंच मारून खुणा केल्या. पहिल्याला एक ठिपका, दुसऱ्याला दोन, तीन, चार. उद्यमनगरात असंच करतात.

बायको चहा घेऊन यायची आणि पायरीवर बसायची. पंधरा दिवसांत ती तात्यांशी जेवढं बोलली तेवढं लग्नानंतर कधी बोलली नव्हती. नायगारा राहून गेला तो गेलाच.

ऑगस्टमध्ये त्यांना मायलनला नेलं. नवा पंप, दाब थोडा कमी, १३.४. तात्या कानात कापसाचे बोळे घालून पायऱ्यांवर बसले होते. चिठ्ठीवरचे सगळे आकडे त्यांनी समजून घेतले आणि पहिल्या साठ फुटांच्या वेळेवर बोट ठेवलं. दोन पूर्णांक काहीतरी होती. "पुढचं इंजिनाचं काम हाय. हे साठ फूट तुझं. हितं तू कमी पडलास."

१२.९४ झाले सप्टेंबर २००७ मध्ये, थोडा मोठा टर्बो लावून. ताशी १०६ मैल, साठ फुटाला १.७८. तात्यांना रात्री फोन केला, त्यांच्याकडे सकाळ होती. ते म्हणाले, "ऑईल बदल."

जानेवारी २००८ मध्ये मुलगी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये न्यू जर्सीच्या एंगलिशटाउनला स्कॉट कलिटा पात्रता फेरीत गेला. कलिटांचा रेसिंगचा पसारा इप्सिलांटीला, मायलनपासून अगदी जवळ, त्यामुळे आमच्या पट्टीवर त्याचं नाव घरचं असल्यासारखं घेत. त्यानंतर त्या वरच्या वर्गांची शर्यत १३२० फुटांवरून १००० वर आणली. त्या गाड्यांशी माझ्या गाडीचा काही संबंध नव्हता, हे मला कळत होतं. तरी त्या उन्हाळ्यात मी दोनदाच गेलो, आणि दोन्ही वेळा पाय पूर्ण खाली गेला नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये माझी नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि डेट्रॉईटमध्ये तेव्हा नोकरी मागणं म्हणजे दुष्काळात पाणी मागणं. एप्रिलअखेर क्रायस्लर दिवाळखोरीत गेली, १ जूनला जनरल मोटर्स. परत जायचं ठरलं.

वहीतला एकूण खर्च होता ११,४०० डॉलर. अख्खी गाडी विकली तर पाच हजारही अवघड, सुटी करून विकली तर सातेक हजार. अशा गाड्यांचा हा नेहमीचा हिशोब आहे, तुकड्यांची किंमत अख्ख्यापेक्षा जास्त. बायको म्हणाली, "पैशांची गरज आहे, पण तू ठरव." दोन हजार डॉलर म्हणजे तेव्हा आमची दोघांची तिकिटं. एका संध्याकाळी मी टर्बोचे बोल्ट सैल करायला गेलो. दोन केले. मग घट्ट केले आणि वर आलो. हे शहाणपणाचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

घ्यायला आला टोलीडोचा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याचे डोळे बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण हरणाच्या रात्रीचे माझे डोळे असेच असणार. बरोबर त्याचे वडील होते, टूलरूममध्ये काम केलेले. नखांच्या कडा काळ्या. मी त्या दोघांसमोर दाब वाढवायचा स्क्रू काढला, पिशवीत घातला आणि वडिलांच्या हातात दिला. म्हटलं, याच्याशिवाय गाडी पुरेशी पळते. लावायचाच तर पट्टीवर लावा. हरणाचंही सांगितलं. बायको दारात उभी होती, तिने ते पहिल्यांदा ऐकलं. (त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.) त्या माणसाने पिशवी खिशात घातली, इंजिन कोणी बांधलं विचारलं, ऐकून मान डोलावली, आणि तरीही दोनशे डॉलर कमी करून घेतले. ४,६०० ला गेली.

तात्यांना सांगितलं नव्हतं. कोल्हापूरला गेल्यावर जेवताना त्यांनीच विचारलं, "गाडी कुणाला दिलीस?" दिली म्हटलं एका पोराला. त्यांनी भाकरी मोडली, पुढे काही विचारलं नाही. दोन-तीन दिवस वर्कशॉपमध्येही मला नुसतं बसवून ठेवलं, हाताला काम दिलं नाही.

२०१० च्या उन्हाळ्यात त्या मुलाची ईमेल आली. सोबत चिठ्ठीचा फोटो, १२.७१. म्हणजे स्क्रू पिशवीतून बाहेर आला होता. फोटो पट्टीवरचा होता, पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मागे त्याचा बाप उभा. मी तो छापून कोल्हापूरला नेला.

तात्यांनी चष्मा लावला. "साठ फुटाला किती?"

"एक चौऱ्याहत्तर."

बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगं बरं चालवतंय की."