सातबाऱ्यावरची नावे

इथे इंग्लंडमध्ये जमीन कितीही जणांची असली, तरी कायदेशीर मालक म्हणून जास्तीत जास्त चारच नावे लागतात. १९२५ पासूनचा कायदाच तसा आहे. आमच्या राजापूर तालुक्यातल्या एका गटाच्या सातबाऱ्यावर २७ नावे आहेत! पणजोबांपासून वाटणी अशी कोणी केलीच नाही. त्यातले काही वारले, काहींचा पत्ता भाऊबंदांनाही ठाऊक नाही. जमीन म्हणाल तर निम्मा कातळ, आणि उरलेल्यात हापूसची कलमे.

ती कलमे राखतो माझा चुलतभाऊ, आमचा दादा. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, "अगं, तुला तिथे बसून जमिनीचं काय करायचंय? हक्कसोड करून दे." त्यात गैर काही नव्हते. फवारणी तो करतो, माकडे तो हाकलतो. बाबांच्या मागे वारस म्हणून माझे नाव लागले, एवढाच माझा संबंध.

पण आपल्यापैकी अनेकांना अशी सही मागितली जाते, म्हणून एक गोष्ट सांगते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र माघारी घेता येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्यासारख्यांना, ओसीआय कार्ड असले तरी, भारतात शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. म्हणजे सातबाऱ्यावरून उतरलेले नाव उद्या पैसे मोजूनही पुन्हा चढणार नाही.

मी उतारा मागवला आणि नावे वाचत गेले. आजोबांच्या पाच मुलांपैकी चारच नावे होती. आत्याचे नव्हते. आजोबा १९७१ साली गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलगी तेव्हाही वारस होतीच. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. पण मुलगी दिल्या घरी गेली, तिचे नाव कशाला, असे म्हणून कोणीतरी चौघांची वारस नोंद केली आणि फेरफार मंजूर झाला.

मी दादाला म्हटले, "आधी आत्याचं नाव लाव, मग माझी सही." तो चिडला. "पन्नास वर्षं कोणी बोललं नाही, ते तू लंडनहून बोलणार?" हे मात्र त्याचे खरे होते, आत्या स्वतःही कधी बोलली नव्हती. ती दादरला दोन खोल्यांत राहते, वय ८६.

मंजूर झालेला फेरफार तलाठ्याला बदलता येत नाही. प्रांतांकडे अपील करावे लागले. सर्वांनी हरकत नसल्याचे लिहून दिले तरी दीड वर्ष गेले. धावपळ, गंमत म्हणजे, दादानेच केली.

मग माझा कागद. मी जाऊ शकत नव्हते, म्हणून धाकट्या भावाला मुखत्यारपत्र दिले. तेही सर्वसाधारण नव्हे, एका गटापुरते आणि एका कामापुरते. इथल्या नोटरीसमोर सही, मग मिल्टन कीन्सहून परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल. हाय कमिशनमध्ये जाऊनही हे करता येते. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे विसरू नका. बायकांना आणखी एक भानगड: सातबाऱ्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे! त्या दोघी एकच, असे प्रतिज्ञापत्र लग्नाच्या दाखल्यासह जोडावे लागले.

माझी हक्कसोड झाली. आत्या आली, मी गेले, म्हणजे नावे २७ च राहिली.

नव्या उताऱ्याची प्रत आत्याने देवघराशेजारी लावली आहे. दादाने जरा घुटमळत तिच्याकडेही हक्कसोडीचा विषय काढला. ती म्हणाली, "मी गेल्यावर मुलांना विचार."

दरवर्षी मे महिन्यात दादा तिला आंब्याची एक पेटी पाठवतो. या वर्षी दोन आल्या. मी फोनवर म्हटले, "बघ, माहेरची भेट वाढली!"

"भेट कसली?" आत्या म्हणाली. "माझ्या हिश्श्याचे आंबे आहेत ते."