दारातल्या चपला

मैत्रिणींनो, संध्याकाळी तुमच्या दारात किती चपला असतात? आमच्या परभणीच्या घरी मामंजी होते तोवर मी स्वयंपाकघरातून डोकावून आधी चपला मोजायची आणि मग चहाचं आधण ठेवायची. पाच जोड दिसले की पाच कप, शिवाय मामंजींचा अर्धा.

मामंजी मराठीचे शिक्षक. नोकरीतून निवृत्त झाले, पण मुलांचं येणं काही थांबलं नाही. जिंतूर, पालम, सोनपेठकडून शिकायला आलेली, खोली करून राहणारी ही मुलं. कुणाला अर्ज लिहून हवा असे, कुणाला वक्तृत्वस्पर्धेचं भाषण तपासून. कुणी नुसतंच येऊन बसे. मामंजींनी कधी एक पैसा घेतला नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार कौतुक होतं. पुढे मुलगा झाला, माझी अर्धवेळ शिकवण्याची नोकरी सुरू झाली, आणि शाळेतून येऊन पुन्हा गॅसपुढे उभं राहताना ते कौतुक आटत गेलं. खोटं कशाला सांगू?

मामंजींना हे वेड लागलं नांदेडला. १९७० नंतर ते पीपल्स कॉलेजात शिकत होते, आणि तिथे नरहर कुरुंदकर शिकवत. तुम्ही 'श्रीमान योगी' वाचली असेल, तर तिच्या आरंभी रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आठवत असेल, ते कुरुंदकरांचंच. मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा. ते आता हिंगोली जिल्ह्यात गेलंय, पण १९९९ पर्यंत आपल्या परभणीतच होतं, म्हणून इकडची जुनी माणसं अजूनही 'आपले कुरुंदकर' म्हणतात.

आपल्या मराठवाड्यातलं निजामाचं राज्य गेलं १९४८ साली. तोवर वरचं शिक्षण हवं तर हैदराबाद गाठायचं आणि तेही उर्दूतून शिकायचं. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली. घरात पुस्तक नाही, वडिलांना सहीपुरतं लिहिता येतं, अशी मुलं तिथे येऊ लागली. त्यांना शिकवणाऱ्यापेक्षा आपलं म्हणणाऱ्या माणसाची गरज जास्त होती. मामंजी म्हणायचे, सर वर्गाबाहेरच जास्त शिकवत. इतिहास, राजकारण, नाटक, गाणं, काहीही विचारा!

एके दिवशी मी शाळेतून डोकं धरूनच आले. दारात सात जोड. दूध कमी. भांडं आपटत मी म्हणाले, "फुकटचा चहा मिळतो म्हणून येतात झालं!" बोलले आणि वळून पाहते तो बारावीला दोनदा नापास झालेला एक मुलगा पाण्याचा तांब्या घ्यायला दारात उभा. काही न बोलता तो परत फिरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या चपला दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

मामंजी रागावले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "सूनबाई, आमचे सर इंटरला किती वेळा नापास झाले, ठाऊक आहे? कुणी त्यांना दारातून परत पाठवलं असतं तर?"

चूक माझी होती, तरी मला राहवेना. विचारलं, "आणि मामंजी, सरांच्या घरी चहा कोण करायचं?"

त्यांचा घास हातातच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बाईच करत असतील. आम्ही कधी आत मान वळवून पाहिलंच नाही गं."

कुरुंदकर गेले १० फेब्रुवारी १९८२ ला, औरंगाबादला, व्यासपीठावर बोलता बोलता. पन्नाशीही गाठली नव्हती. त्या दिवसाबद्दल मामंजी नेहमी सांगत, की आम्ही पोरके झालो. त्या रात्रीनंतर मात्र ते मध्येच थांबत आणि म्हणत, "आणि घरची माणसं..."

दुसऱ्या दिवशी सायकल काढून ते त्या मुलाच्या खोलीवर गेले. आठेक दिवसांनी तो आला; चपला फाटकाबाहेर काढल्या होत्या. मी चहाबरोबर पोह्यांची बशी ठेवली. माफी मागायला जीभ रेटली नाही, खरंच सांगते. संध्याकाळचा चहा मात्र मामंजींनी स्वतःकडे घेतला. साखर भारंभार, ओट्यावर आल्याच्या साली. मी ओटा पुसायची आणि मनातल्या मनात हसायची.

दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले. दहाव्या दिवशी दारात एवढ्या चपला, की आमच्या ह्यांना पाऊल टाकायला जागा नव्हती. तोही आला होता. आता नोकरीला आहे, दोन मुलींचा बाप आहे. मी आत चहा टाकायला उठले, तर मागोमाग स्वयंपाकघरात आला, बाह्या सारल्या आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा. आलं कुठं ठेवता?"